दोन गाण्यांमधली जागा

१

दुपारची जेवणं झाली की देवेश आपल्या खोलीतला पंखा बंद करी, आणि शशिकलाबाई समजत, आता पाऊण तास या घरात शिंकायचीही सोय नाही. मिक्सर लावायचा नाही, भांडी घासायला काढायची नाहीत, दाराची बेल वाजली तर ती दुसऱ्यांदा वाजायच्या आत धावायचं. मुलाचं 'रेकॉर्डिंग' चाललेलं असे. म्हणजे काय, तर गुरुदत्तरावांचा जुना टेपरेकॉर्डर आणि दिवाळीत घेतलेला नवा टू-इन-वन टेबलावर समोरासमोर ठेवायचे, मागे दोन उशा लावायच्या, जुन्यात कुणाकडून तरी मागून आणलेली कॅसेट घालायची, नव्यात कोरी, आणि श्वास धरून बसायचं. दोघांना जोडणारी वायर कधीच तुटली होती. जे उतरायचं ते खोलीतल्या हवेतून नव्याच्या माईकमध्ये उतरायचं.

"आमच्या आईच्या सत्यनारायणालासुद्धा एवढं सोवळं नव्हतं," गुरुदत्तराव रविवारी घरी असले की म्हणत, आणि पेपर न फडफडवता वाचत.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. खांदा कॉलनी तेव्हा अर्धीमुर्धी उभी होती, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसे. देवेश पनवेलच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता आणि परदेशी रॉक आणि मेटल अल्बम हेच त्याचं एकमेव शास्त्र होतं. नुसते ऐकणारे कॉलनीत आणखी दोन-चार होते. हा इतिहासकार होता. त्याच्याकडे दोनशे पानी वही होती. तिच्यात प्रत्येक अल्बमला एक पान. कुठल्या सालचा, कुठल्या गावच्या स्टुडिओत, किती दिवसांत केला, ढोलवाला कधी सोडून गेला, त्याच्या जागी कोण आला, आणि प्रत्येक गाण्याची लांबी मनगटी घड्याळ लावून मोजलेली. रद्दीतली परदेशी मासिकं, कव्हरच्या आतलं बारीक छापील, मुंबईहून येणाऱ्यांच्या बाता, सगळं पारखून मगच तो वहीत घेई. दोन गाण्यांमधली शांतताही तो मोजत असे. गाणं कोणीही वाजवतं, थांबायचं किती हे ज्याला कळतं तोच खरा बँड, असं त्याचं मत होतं. एकोणिसाव्या वर्षी माणसाला अशी मतं असतात.

आणखी एक खोड त्याला होती. कॅसेटचं शेपूट रिकामं राहिलेलं त्याला खपत नसे. अल्बमची एक बाजू एकोणीस मिनिटांत संपली आणि टेप तीस मिनिटांची असली, तर उरलेल्या अकरा मिनिटांत तो दुसऱ्या अल्बममधली दोन गाणी मापून बसवी. बोटभरही टेप वाया घालवली नाही, असं तो अभिमानानं सांगे.

कोऱ्या कॅसेटी अशानं कधीच पुरत नसत. तेव्हा मदतीला आला परेश. परेश जासईचा, आगऱ्यांच्या घरचा, एसटीनं कॉलेजला येणारा. देवेशच्या संगतीनं त्यालाही त्या गिटारींची गोडी लागली होती. जानेवारीत त्यानं घरचं फडताळ झाडून जुन्या कॅसेटींची पिशवीच आणून दिली. भजनं, नमनं, कुणाच्या तरी बारशाला भरलेली गाणी.

"पायजे त्या पूस," परेश म्हणाला. "फकस्त एक बघ. पाठीमागचे तुकडे तोडलेली असंल तर हात नको लावू, बाजूला ठेव. आय ठेवनीतल्या कॅसेटीचे तुकडे तोडायची."

परेशची आई कमळाबाई दोन वर्षांपूर्वी आजारानं गेली होती. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते मोडले की यंत्राची लाल कळ दाबलीच जात नाही, आणि आत भरलेलं पुसत नाही. देवेशला हे परेशपेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की कळ पुन्हा दाबली जाते, हेही.

पिशवीत अकरा कॅसेटी होत्या. त्यातल्या एकीचे तुकडे तोडलेले होते. देवेशनं ती बाजूला ठेवली, टेबलाच्या खणात. सांगू परेशला, असं म्हणता म्हणता राहून गेलं.

२

मार्चमधल्या एका मंगळवारी दीड वाजता अपूर्व जिना चढून आला. हा देवेशच्याच बिल्डिंगमध्ये राहणारा, इंजिनीअरिंगचा. त्याचा मावसभाऊ बोटीवर होता आणि संध्याकाळी निघायचा होता. अपूर्वनं खिशातून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली.

हॉलो फोर्ज या बँडचा 'थर्ड शिफ्ट'. चौऱ्याहत्तर सालचा.

देवेशच्या वहीत त्या अल्बमचं पान चार वर्षं तयार होतं, फक्त गाण्यांच्या लांबीचे रकाने मोकळे होते. इंग्लंडमधल्या एका कारखान्यांच्या गावातली चार पोरं. दिवसा लोखंड ओतायची, म्हणून सगळा अल्बम नऊ रात्रपाळ्यांत केलेला. निघाला तेव्हा कुणी विचारलं नाही, गिटारवाला त्या वर्षीच बँड सोडून गेला, आणि पुढे दहा वर्षांनी जी नवी, वेगवान, रागीट पोरं आली ती म्हणायला लागली की आमचं मूळ इथं आहे. भारतात ही कॅसेट कधी आलीच नव्हती.

"पाचला परत पाहिजे," अपूर्व म्हणाला. "पाच म्हणजे पाच. दादा निघेल."

देवेशकडे कोरी कॅसेट नव्हती. परेशच्या दहा भरून झाल्या होत्या. पनवेलची दुकानं एक ते चार बंद.

इथं थोडं थांबून हिशोब मांडायला हवा, कारण देवेशनं तो नंतर शेकडो वेळा मांडला. चारला दुकान उघडणार होतं. सायकलनं जाऊन यायला दहा मिनिटं. अल्बम अडतीस मिनिटांचा. पाचच्या ठोक्याला तो अपूर्वच्या हातात पडला असता. धावपळ झाली असती, शेपटात गाणी बसवायला वेळ उरला नसता, एवढंच. पण समोर कॅसेट असताना अडीच तास नुसतं बसून राहणं त्याच्यानं होईना.

त्यानं खण उघडला.

कॅसेटच्या कागदावर काही लिहिलेलं नव्हतं, फक्त हळदीच्या अंगठ्याचा एक ठसा होता. त्यानं ती यंत्रात घालून वाजवली, दोन क्षण. एका बाईनं घसा खाकरला. मग छाती भरून श्वास आत घेतला, जसा गाणं सुरू करायच्या आधी घेतात. गाण्याच्या आतच देवेशनं ती बंद केली. गाणं ऐकलं तर पुढचं करता यायचं नाही हे त्याला त्याच वेळी कळलं होतं. म्हणून तर बंद केली.

मग त्यानं भोकांवर चिकटपट्टी लावली, पंखा बंद केला आणि आईला ओरडून सांगितलं, "आई, पाऊण तास." दोन्ही बाजू उतरल्या. दोन्ही शेपटांत अकरा-अकरा मिनिटं उरली. घड्याळात अजून वेळ होता. त्यानं तिथंही दोन-दोन गाणी मापून बसवली. हळदीचा कागद ओला करून सोलला आणि आपला नवा चिकटवला, काळ्या शाईनं टोकदार अक्षरं काढून.

पाचला दहा कमी असताना अपूर्वची कॅसेट त्याच्या हातात होती.

३

पहिला आठवडा सुखाचा गेला. वहीतले रकाने भरले. तिसरं गाणं पाच मिनिटं सव्वीस सेकंद, मग चार सेकंद शांतता, मग चौथं.

आठव्या दिवशी त्या चार सेकंदांत कुणीतरी श्वास घेतला.

बारीकसाच. देवेशनं टेप मागे घेतली, कान लावला. होता. छाती भरून आत घेतलेला, आणि तो सुटायच्या आत चौथ्या गाण्याची गिटार कोसळत होती.

तो घाबरला नाही. त्याला कारण माहीत होतं. नव्या यंत्राचं पुसायचं हेड मळलं असणार, म्हणून खालचं थोडं राहून गेलं. असं होतं. त्यानं कापसाला स्पिरिट लावून हेड लख्ख केलं आणि सगळं पुन्हा ऐकलं. श्वास तिथंच होता. बरोबरच आहे, त्यानं स्वतःला समजावलं, जे आधीच राहून गेलं ते आता साफ केल्यानं कसं जाईल. मनात कुठं तरी त्याला बरंही वाटलं. काही तरी उरलं होतं. काही तरी उरलं असेल तर आपण सगळंच पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं घड्याळ लावलं. शांतता सात सेकंदांची होती.

वहीत त्यानंच चार लिहिलं होतं. पट्टा सैल झाला असेल, टेप हळू फिरत असेल. पण मग गाणीही लांबायला हवीत. गाणी जशीच्या तशी होती, सेकंदाला सेकंद. फक्त मधली जागा वाढत होती. रविवारी ती अकरा झाली. त्यानं वहीत चार खोडून सात, सात खोडून अकरा लिहिलं. मग ते पान पुढच्या पानाला चिकटवून टाकलं.

४

एप्रिलमध्ये परेशनं त्याला जासईला नेलं. त्याच्या बहिणीचं, स्नेहलचं लग्न ठरलं होतं.

आत शिरतानाच काही तरी बिनसलंय हे कळत होतं. परेशचे वडील काशिराम ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. वाळलेला, उंच म्हातारा. स्नेहलनं चहा आणला. देवेशला दिला, परेशला दिला, आणि वडिलांचा कप त्यांच्यापासून दोन हात लांब जमिनीवर ठेवून एक शब्द न बोलता आत गेली.

"आयची कॅसेट गावत नाय," परेश म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. हळदीपासून एकेक विधी ती धवले गाऊन पार पाडते, भटजीच्या आधी तिचा मान. कमळाबाई पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. दुखणं वाढल्यावर ती म्हणाली, पोरीच्या लग्नाला मी असन-नसन, माझे धवले भरून ठेवा. दोन दुपारी बसून ती गायली. नवरामुलगा कोण असेल हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून जिथं त्याचं नाव घ्यायचं तिथं ती थांबली. नाव घ्यायला बायकांना जागा ठेवली आणि मग पुढची ओळ गायली.

"अख्ख्या कॅसेटीत अशा जागा हायत," परेश म्हणाला. "थांबते ना, तवा तिचा श्वास ऐकू येतो."

देवेशच्या हातात कप होता. तो त्यानं खाली ठेवला नाही, कारण ठेवताना वाजला असता.

"बाबांनीच कुटं तरी घातली," परेश आवाज न उतरवता म्हणाला. "पैले दारूपायी हंडा गेला, रेडिओ गेला. आता दोन वर्सं सोडलीय बोलतान. पन कॅसेटीला काय पाय फुटले?" मग तो देवेशकडे वळला. "मी तुला पिशवी दिलेली ना, तिच्यात नव्हती ना रे?"

ओटीवर काशिराम हलले नाहीत. पण ते उत्तरासाठी कान देऊन आहेत, हे देवेशला त्यांच्या पाठीवरून दिसलं.

"नाही," देवेश म्हणाला.

एवढा छोटा शब्द. तो तोंडातून गेला आणि म्हाताऱ्याची मान थोडी आणखी खाली गेली. देवेशनं चहा संपवला. चांगला झालाय असंही म्हणाला. परत येताना एसटीत त्याला स्वतःच्या तोंडाची किळस येत होती, आणि तरीही तो परेशशी पुढच्या रविवारच्या क्रिकेट मॅचबद्दल बोलत राहिला.

५

त्या आठवड्यात जिन्यात अपूर्व भेटला. देवेशनं आपल्या कॅसेटवरून त्याला एक प्रत काढून दिली होती.

"कॉपी मस्त आहे रे," अपूर्व म्हणाला. "पण तू रेकॉर्ड करताना खोलीत कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. मी एकटाच होतो."

"मग बांगड्या कोण वाजवतंय?" तो हसत खाली गेला. "आईंना सांग, पुढच्या वेळेला थोडं शांत बसा."

देवेश वर आला. दार लावलं. पंखा बंद केला, का कुणास ठाऊक. आणि कॅसेट लावली.

तिसरं गाणं संपलं. शांतता. लांब, स्वयंपाकघराकडून, कुकरची शिट्टी झाली. ही शिट्टी त्याला ओळखीची होती. त्या मंगळवारी शशिकलाबाईंनी संध्याकाळचे छोले त्याच वेळी लावले होते आणि तो दातओठ खात बसला होता. म्हणजे हा त्या दुपारचा आवाज. शिट्टीनंतर बांगड्या किणकिणल्या, काचेच्या, हातभर. शशिकलाबाईंच्या हातात सोन्याच्या दोन असत, आणि त्या स्वतः तर कुकरपाशी होत्या. मग श्वास.

देवेश हुशार मुलगा होता, आणि आता ती हुशारीच त्याच्या अंगावर आली. जुनं राहून गेलेलं असतं तर ते शिट्टीच्या खाली, पुसट, टेपच्या तळाशी असतं. हे वर होतं. शिट्टीपेक्षा जवळ होतं. माईकनं त्या दुपारी खोलीतल्या हवेत जे होतं तेच घेतलं होतं. श्वास कॅसेटमध्ये उरलेला नव्हता. तो खोलीत होता.

पुसलं जात असताना ती इथं बसलेली होती.

त्यानं टेप पुढे सोडली. प्रत्येक दोन गाण्यांमध्ये जागा होती आणि प्रत्येक जागेत ती थोडी जवळ आलेली होती. पाचव्या गाण्यानंतर त्याच्या पाठीमागच्या पलंगाची पट्टी करकरली. ही पट्टी कुणी उठलं की करकरते, बसताना नाही. सहाव्यानंतर स्वतः देवेशच्या शर्टाची सळसळ ऐकू आली, टेबलावर वाकून तो घड्याळ पाहत असणार. आणि त्या सळसळीच्या अलीकडे, माईकच्या आणि त्याच्या मध्ये, श्वास.

माईक आणि त्याच्यामध्ये वीतभर अंतर होतं.

त्यानं बंदची कळ दाबली. खोलीत काहीच आवाज नव्हता. पलंग त्याच्या मागे होता. मागे वळून बघायला हरकत नव्हती, उजेड लख्ख होता, खिडकीतून समोरच्या गच्चीवरचं वाळवण दिसत होतं. तो बसून राहिला. मानेवर थंडगार काही तरी येईल, खांद्यावर हात पडेल, असं काहीच झालं नाही. नुसतं कुणीतरी थांबलं होतं. रागानं नाही. तेच असह्य होतं.

"देवेश, झालं का रे?" आईनं बाहेरून विचारलं. "भांडी काढू?"

"काढ," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "आई, मागे कोणी आलं होतं का? दुपारी? मी रेकॉर्डिंग करत असताना?"

"तुझ्या त्या वेळात कोण येणार?" शशिकलाबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण हल्ली मला वाटतं खरं, तू खोलीत एकटा नाहीस. म्हणून तर दार न वाजवता येत नाही मी."

६

त्यानं ती पुन्हा पुसायचा प्रयत्नही केला. हेही सांगायला हवं, कारण यापुढं त्याची बाजू घेणं कठीण आहे. लाल कळ दाबून, काहीच न वाजवता, दोन्ही बाजू कोऱ्या फिरवल्या. गिटारी गेल्या, ढोल गेले, नऊ रात्रपाळ्या गेल्या. जागा राहिल्या. आता त्यांच्यामध्ये गाणीही नव्हती.

मे महिना लागला. कॉलेजला सुट्टी. परेश पत्रिका घेऊन आला. हळद शुक्रवारी.

"बाबा जेवत नाय धड," दाराशी चप्पल घालता घालता तो म्हणाला. "स्नेहल बोलत नाय त्यांच्यासंगती. शकूमावशी गाईल हळदीला, पन तिला आयचे धवले येत नाय सगले. जाऊ दे. गेली ती गेली."

देवेशला वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही. परेशनं चप्पल घातली आणि तो गेला.

त्या दिवशी देवेश पलंगावर बसला, भिंतीला टेकून, म्हणजे मागे कुणी असायला जागा राहू नये. आपल्याला भीती कशाची वाटते हे त्यानं नीट तपासलं. ती दिसेल याची भीती एवढीशीच होती. खरी भीती होती ती स्नेहलच्या तोंडाकडे बघण्याची. एक मेलेली बाई खोलीत आहे हे त्याला चालत होतं, पण परेशला खरं सांगणं चालत नव्हतं. स्वतःबद्दल हे कळल्यावर त्याला इतकी लाज वाटली की त्यानं बंद खोलीत तोंडावर उशी धरली.

७

शुक्रवारी दुपारी तो जासईला उतरला. वरच्या खिशात कॅसेट होती. एसटीत त्याच्या शेजारची जागा पनवेलपासून मोकळी राहिली. गाडी खच्चून भरलेली, लोक उभे, पण तिथं कुणी बसलं नाही.

मांडवात आंब्याची पानं, गरम कापडाचा वास. स्नेहल पाटावर बसलेली, अंगाला हळद. चारी बाजूंनी बायका. शकू, कमळाबाईंच्या मागं तीस वर्षं झील धरलेली, पुढे बसून सुरुवात करायच्या बेतात होती. काशिराम मांडवाच्या खांबाला टेकून, स्वतःच्या पोरीच्या हळदीत पाहुण्यासारखे.

देवेश मांडवाच्या दाराशी थांबला. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला पायांनी कळलं, कारण ते मागे वळायला लागले होते.

"काका," तो म्हणाला. "कॅसेट तुम्ही नाही हरवलीत. माझ्याकडे होती. पिशवीत. मी पुसली."

परेश आतून हळदीची वाटी घेऊन येत होता, तो होता तिथं थांबला.

"तू 'नाय' बोललेलास," परेश म्हणाला.

"हो. खोटं बोललो."

"तुकडे तोडलेले व्हते?"

"होते. चिकटपट्टी लावली मी."

परेश वाटी दोन्ही हातांत तशीच धरून उभा राहिला. स्नेहलनं वर पाहिलं. "सगली?" तिनं विचारलं. "मागली बाजू पन?"

"हो," देवेश म्हणाला. आणि मग, कुणी विचारलं नसताना, आता अर्धवट ठेवायचं नाही म्हणून, "शेवटची थोडी राहिली असती. अकरा मिनिटं इकडची, अकरा तिकडची. रिकामी नको म्हणून मी तिथंही गाणी भरली."

स्नेहल रडली नाही. ती वळून वडिलांकडे पाहत राहिली. एक महिना न बोललेलं सगळं तिच्या तोंडावर आलं होतं. देवेशची मान खाली गेली, ती गेलीच.

काशिराम खांबापासून उठले. त्यांचे पाय देवेशच्या समोर येऊन थांबले.

"दोन महिने तिला कुटं बसवलीस?" म्हाताऱ्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"खणात होती. टेबलाच्या."

"कॅसेट नाय इचारत." काशिराम त्याच्या खांद्यावरून मागे पाहत होते. "उन्हात उबी हाय ती. तुज्यासंगती आलीय. तू दार अडवून ठेवलंस, आत कशी येईल? सर बाजूला. आत ये बोल तिला."

मांडवात कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. शकूनं पुढची जागा सोडली आणि ती एक हात मागे सरकली. तिच्या बाजूच्या बाया सरकल्या. कुणी सांगितल्याशिवाय, चटईवर एका माणसापुरती जागा झाली.

देवेश बाजूला सरला. तो खाकरला.

"या," तो म्हणाला. "आत या."

मान शरमेनं खाली होती, म्हणून त्याला तेवढंच दिसलं. त्याच्या चपलांच्या शेजारून मांडवात गेलेली दोन पावलं, मिठागरात जन्म काढलेल्या बायकांची असतात तशी, टाचा पांढऱ्या पडून चिरलेल्या. वर हिरव्या लुगड्याची ओली कड. एवढं. मान वर केली असती तर आणखी दिसलं असतं. त्यानं केली नाही.

चटई दबल्याचा आवाज आला. बांगड्या किणकिणल्या. मग कुणीतरी छाती भरून श्वास घेतला, आणि या वेळी त्याच्यावर कुठली गिटार कोसळली नाही.

देवेशनं खिशातली कॅसेट काढून मांडवाच्या दाराशी ठेवली आणि तो निघाला. पुढचं ऐकायचा आपल्याला हक्क नाही, एवढं त्याला नक्की कळत होतं. पहिली काही पावलं चालत, मग पळत. रस्त्यावर बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग लागलेली होती, इंजिनांचा एवढा गदारोळ की मांडवाकडचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि तो त्या आवाजाला चिकटून एसटी थांब्यापर्यंत गेला.

त्या दुपारी कोण गायलं, किती गायलं, नवऱ्यामुलाचं नाव कुणी घेतलं, हे त्याला आजवर माहीत नाही. परेश पुढे कॉलेजात दिसे, कधी मान हलवी, कधी नाही. त्यानं सांगितलं नाही, आणि विचारायला देवेशला तोंड उरलं नव्हतं.